‘से’ कशाला, कौल आहे की

प्रश्न असा आलाय की ‘आजच्या लोकशाहीत सामान्य माणसाला काही से असतो का’ या वाक्यातल्या इंग्रजी ‘से’ला (say) मराठीत काय म्हणायचं, आणि जाता जाता, तो खरंच असतो का.

आधी ते ‘से’ बंद करा बुवा. ‘नागरिकांना से नाही’, ‘जनतेचा से वाढला पाहिजे’, ऐकून ऐकून कान किटले. घरात ज्याला कुणी विचारत नाही तो काय म्हणतो? ‘माझं काय चालतंय इथे!’ मग लोकांचं काही चालतं का, असं विचारा की सरळ. मत, जनमत, आवाज हे सगळ्यांना माहीत आहे, ते सोडून देतो.

खरी मजा ‘कौल’मध्ये आहे. निकालाच्या दिवशी ‘जनतेचा कौल’ म्हणतो ना, तो मूळ अरबी, अर्थ बोलणं, उच्चारलेला शब्द. म्हणजे शब्दशः तुमचा ‘से’च झाला! कव्वालीसुद्धा त्याच घरातली. (छपरावरचं कौल वेगळं, ते इथे आणू नका.)

आता जुन्या कागदांत बघाल तर कौल वरून खाली येतो. पडीक जमीन लागवडीला आणायची तर सरकार रयतेला कौल द्यायचं, पहिली काही वर्षं सारा कमी मग हळूहळू चढता, किल्ला खाली करणाऱ्यांना जिवाच्या अभयाचा कौल. शब्द सरकारचा, भरवसा रयतेने ठेवायचा. मग तो उलटा, खालून वर, कसा जायला लागला? वचन, वचनावरून निर्णय, निर्णयावरून निवडणुकीचा निकाल अशी शिडी लावून देणारे विद्वान आहेत, मला ती अजिबात पटत नाही. माझ्या मते निवडणुकीतला कौल दरबारातून आलेलाच नाही, तो आलाय देवळातून. मूर्तीच्या दोन्ही अंगांना पाकळ्या चिकटवायच्या, प्रश्न विचारायचा, उजवी पडली तर हो, डावी पडली तर नाही. देव बोलतो खरा, पण तेवढंच. प्रश्न कुठला, कधी, कसा विचारायचा हे ठरवतो कौल ‘लावणारा’. आणि आपण बातम्यांत ‘जनतेने कौल दिला’ एवढंच म्हणतो, लावला कुणी ते क्रियापद गायब!

आणि देवाचा कौल मनासारखा नाही आला की माणूस काय करतो? परत लावतो. आयर्लंडमध्ये २००१ साली युरोपीय संघाच्या नीस कराराला लोकांनी नाही म्हटलं, २००२ मध्ये पुन्हा विचारलं, तेव्हा हो आलं. २००८ मध्ये लिस्बन कराराला नाही, २००९ मध्ये पुन्हा, हो. (दुसऱ्या वेळी काही हमी पदरात पडल्या होत्या हेही खरं, देव अगदीच भोळा नव्हता.) ग्रीसमध्ये तर ५ जुलै २०१५ ला ६१ टक्के लोकांनी कर्जदात्यांच्या अटींना नाही म्हटलं आणि आठच दिवसांत सरकार तशाच कडक अटींना मान डोलावून आलं. पाकळी डावी पडली, पुजाऱ्याने उजवी सांगितली.

भाषाशुद्धीवाले म्हणणार कौल परका, ‘जनादेश’ म्हणा. अहो, आदेश म्हणजे हुकूम, आणि पाच वर्षांतून एकदा बटण दाबणारा माणूस हुकूम कसला सोडतोय? त्यापेक्षा कौल प्रामाणिक, त्यात निदान कळतं की प्रश्न दुसऱ्याचा आहे.

हां, तर प्रश्न होता चालतं का. स्वित्झर्लंडमध्ये १८ महिन्यांत एक लाख सह्या जमवल्या तर घटनादुरुस्तीचा प्रस्ताव नागरिकच मतदानाला आणू शकतात, आणि संसदेने केलेला कायदा मतदानाला लावायचा तर १०० दिवसांत ५० हजार सह्या पुरतात. म्हणजे तिथे कौल देणारेही लोक आणि लावणारेही लोकच. बाकी बहुतेक ठिकाणी फक्त देणारे.

आणि ते एक्झिट पोलवाले ‘कौल हाती आले’ म्हणून ओरडतात ना, तो कौल नव्हे, कल. कल म्हणजे झुकाव. पाकळी पडायच्या आधी जी थोडीशी हलते, ती.