वाल्समधली खोली घेऊ की नको?

ओंकार, तुझा मेसेज आला तेव्हा मी वेंगुर्ल्यालाच होतो, आईकडे सुट्टीवर. तुला जर्मनीत आखेनला एमएसला प्रवेश मिळालाय, पण खोली मिळत नाही. सिटी बसच्या अंतरावर, नेदरलँड्सच्या वाल्स गावात एक स्वस्त खोली सापडलीय. "शेंगेन एकच, युरो एकच, मग तिकडे राहिलो तर बिघडलं कुठे?" असं विचारलंयस. बिघडतं रे. नऊ वर्षं आखेनात काढली, म्हणून जरा लांबण लावतो.

सीमा दिसत नाही, हे खरं. बांद्याहून गोव्यात पत्रादेवीला जाताना निदान नाका तरी लागतो, आणि येताना इन्सुलीला डिकी उघडायला लावतात ते वेगळंच. वाल्सला जाताना एवढंच कळतं, की रस्त्याकडेच्या गाड्यांच्या नंबरप्लेट पिवळ्या झाल्या. १९८५ साली पाच देशांनी लक्झेंबर्गमधल्या शेंगेन गावी आपसातल्या सीमांवरची तपासणी काढायच्या करारावर सह्या केल्या, आज २९ देश त्यात आहेत.

पण मोकळी आहे ती ये-जा. तुझा राहण्याचा परवाना जर्मनीचा. त्यावर बाकीच्या शेंगेन देशांत, सगळे मिळून, कुठल्याही १८० दिवसांत ९० दिवस फिरता येतं. तिकडे बिऱ्हाड थाटणं त्यात बसत नाही, नोकरी तर नाहीच. शिवाय त्या परवान्याच्या जर्मन कार्डासाठी आधी जर्मनीतला पत्ता नोंदवावा लागतो, तो कुठून आणशील? बांबोळीला उपचार घेतले म्हणून आपलं रेशनकार्ड गोव्याचं होत नाही ना, तसंच हे.

आणि कार्ड, पासपोर्ट कायम खिशात. सप्टेंबर २०२४ पासून जर्मनीने जमिनीवरच्या सगळ्या सीमांवर तपासणी सुरू केली. त्यानंतर एका रविवारी बेल्जियममधल्या लिएजहून रेल्वेने येताना डब्यात पोलीस चढले आणि माझं कार्ड घरी, दुसऱ्या जॅकेटात! मोबाइलमधला फोटो दाखवून भागलं नाही. बायको स्टेशनवर कार्ड घेऊन येईपर्यंत बाकावर बसून राहिलो.

युरोचं मात्र सुख आहे. जर्मन नाण्यावर गरुड, डच नाण्यावर राजा, पण दोन्ही दोन्हीकडे चालतात. गंमत एवढीच, की वाल्सच्या दुकानात रोख दिलेस तर बिल पाच सेंटच्या पटीत होतं. ९.९८ झालं तर सरळ १० घेतात, ९.९७ झालं तर ९.९५. आखेनात एक सेंटही मोजून परत मिळतो. जर्मन खात्यातून डच खात्यात पैसे पाठवायलाही वेगळा खर्च नाही.

फक्त युरोचा नकाशा आणि शेंगेनचा नकाशा एक समजू नकोस. आयर्लंडात युरो चालतो, पण तिकडे व्हिसा वेगळा. स्वित्झर्लंड शेंगेनमध्ये, पण पैसे फ्रँक. डेन्मार्कला क्रोन. क्रोएशिया २०२३ च्या १ जानेवारीला एकदमच दोन्हीत आला. बल्गेरियात युरो आला तो यंदा, २०२६ ला.

खोलीसाठी श्टोलबेर्ग नाहीतर एश्वायलर बघ. दोन्ही जर्मनीतच, लोकल आहे, विद्यार्थ्यांच्या सेमिस्टर तिकिटात बसते. वाल्सच्या घरमालकाला डिपॉझिट अजून पाठवलं नसशील तर पाठवू नकोस.