छोट्या गाडीची अलॉय व्हील्स सारखी काळी पडतात, कमी धूळ करणारे ब्रेक पॅड कोणते घ्यावेत?

तुम्ही लिहिलंय की पुढची चाकं धुतली की आठवड्यात परत काळी होतात आणि गॅरेजवाल्याने सिरॅमिक, म्हणजे कमी धुळीचे (लो-डस्ट) पॅड टाकायला सांगितलंय. पॅड घ्या, पण आधी सांगा, दोन्ही चाकं सारखीच काळी होतात की एक जास्त? हे तुम्ही लिहिलेलं नाही, गॅरेजवाल्यानेही विचारलेलं दिसत नाही. आणि माझ्या मते पहिला प्रश्न तोच आहे.

आमच्याकडे गाडी मी धुते. कराडला सासर, चिपळूणला माहेर, त्यामुळे आमच्या स्विफ्टला कुंभार्ली घाट नेमाचा. एका पावसाळ्यानंतर माझ्या लक्षात आलं की पुढचं डावं चाक उजव्यापेक्षा कितीतरी जास्त काळं होतंय. उजवं नुसत्या पाण्याने निघायचं, डाव्याला ब्रश लागायचा. घरात सांगितलं. गाडीचा कारभार दिरांकडे. ते म्हणाले, "वहिनी, ब्रेक म्हटलं की धूळ होणारच, तुम्ही फार बारीक बघता." तरी त्यांनी गाडी गॅरेजला नेली आणि तिथून सल्ला आला तोच, जो तुम्हाला मिळालाय. लो-डस्ट पॅड टाका.

पॅड बदलताना मी तिथे उभी होते. काढलेले जुने पॅड हातात घेऊन बघितले. प्रत्येक चाकात डिस्कच्या आतल्या आणि बाहेरच्या बाजूला एकेक पॅड असतो. उजव्या चाकाचे आतला-बाहेरचा साधारण सारखे झिजलेले. डाव्याचा बाहेरचा निम्मा शिल्लक, आतला मात्र झिजून पाठीमागच्या पत्र्याला टेकत आलेला, तोही तिरका. मी मेकॅनिकला दाखवला. तो म्हणाला, आतला थोडा जास्त झिजतोच. थोडा झिजतो, खरं आहे. पण एवढा नाही.

नवे पॅड बसले, चाकं स्वच्छ राहायला लागली आणि घरात विषय संपला. माझा राग आहे तो इथे. कमी धुळीच्या पॅडची भुकटी फिकट असते, अलॉयला फारशी चिकटत नाही. म्हणजे डाव्या चाकातला दोष होता तिथेच राहिला, फक्त तो दिसायचा बंद झाला.

पुढच्या फेरीत घाट उतरून पोफळीला चहाला थांबलो, तर करपल्यासारखा वास. डाव्या चाकाजवळ हात नेला तर धग लागत होती, उजवं कोमट. आता दीरही खाली वाकून बघायला लागले. चिपळूणला माझ्या भावाच्या ओळखीच्या म्हाताऱ्या मिस्त्रींनी चाक काढलं आणि कॅलिपर, म्हणजे पॅड डिस्कवर दाबणारा भाग, हाताने हलवून बघितला. हललाच नाही. कॅलिपर ज्या दोन पिनांवर सरकतो त्यातली खालची पिन गंजून धरली होती, तिच्यावरचं रबरी टोपण (बूट) फाटून आत पाणी गेलं होतं. ब्रेक सोडला तरी पॅड डिस्कला घासतच राहायचा. पिन साफ करून, नवं बूट घालून, ब्रेकसाठीचं सिलिकॉन ग्रीस लावलं आणि काम झालं. (साधं चासी ग्रीस लावू देऊ नका, त्याने रबर फुगतं आणि पिन परत धरते.) नव्या पॅडच्या किमतीपुढे हा खर्च किरकोळ होता.

म्हणून तुम्हाला सांगते, आठ दिवस चाकं धुऊ नका आणि मग दोन्हींचा फोटो काढून शेजारी शेजारी ठेवून बघा. एक जास्त काळं असेल तर पॅडचा विचार सोडा, आधी कॅलिपर आणि पिना बघून घ्या. काढलेले पॅड मागून घ्या, आतला-बाहेरचा शेजारी धरून बघा. देत नसतील तर गॅरेज बदला.

दोन्ही सारखी काळी असतील तर ब्रेक आपलं काम करतोय. ती धूळ पॅडची असते तशी बिडाच्या डिस्कचीही असते, म्हणून तर ओल्या चाकावर तांबूस ठिपके पडतात. छोट्या गाडीला मागे बहुधा बंद ड्रमचे ब्रेक असतात, त्यामुळे तिकडची धूळ आतच राहते. अशा वेळी कमी धुळीचे पॅड जरूर घ्या. नावाजलेल्या कंपनीचे घ्या, पण नुसता "सिरॅमिक" हा छापील शब्द बघून घेऊ नका. पॅडच्या पत्र्यावर बऱ्याचदा दोन इंग्रजी अक्षरं असतात, ईई, एफएफ, जीजी अशी. पहिलं थंड असतानाची पकड सांगतं, दुसरं तापल्यावरची. घर्षणाच्या आकड्यात ई म्हणजे ०.२५ ते ०.३५, एफ म्हणजे ०.३५ ते ०.४५, जी त्याच्यावर. कंपनीच्या मूळ पॅडवर एफएफ असेल तर धूळ कमी होते म्हणून ईई घेणं मला मुळीच पटत नाही. चाक चकचकीत ठेवायला ब्रेकची पकड घालवायची नसते.

पॅड नेहमी दोन्ही चाकांचे एकदम बदला. नंतर नवे पॅड डिस्कवर नीट बसावेत म्हणून मोकळ्या रस्त्यावर ५०-६० वरून १० पर्यंत बेताचा ब्रेक मारत दहाएक वेळा वेग उतरवा, मध्ये ब्रेक थंड होऊ द्या, तापलेले असताना पाय दाबून उभे राहू नका. डिस्कवर नखाला लागतील असे चर असतील तर तिची जाडी मोजून घ्या, किमान जाडी बहुधा डिस्कवरच कोरलेली असते. आणि गॅरेजात हवेच्या पाइपने ब्रेकची धूळ उडवू देऊ नका. ती बारीक भुकटी थेट छातीत जाते. ओल्या फडक्याने पुसायला सांगा. घरी चाक थंड झाल्यावर साधा शाम्पू पुरतो, ॲसिडचं क्लीनर अलॉयचा थर खातं.

धूळ कमी करण्याचा बिनखर्चाचा उपाय म्हणजे उतारावर गिअरमध्ये उतरणं. आमचे दीर पेट्रोल वाचतं म्हणून घाटात गाडी न्यूट्रल करतात, यावरून आमच्यात कितीदा तरी वाजलंय. फ्युएल इंजेक्शनच्या, म्हणजे हल्लीच्या गाडीत गिअर ठेवून ॲक्सिलरेटर सोडला की इंजिनाचं पेट्रोल तुटतं, न्यूट्रलमध्ये मात्र इंजिन चालू ठेवायला ते जळतच राहतं. म्हणजे न्यूट्रलमध्ये पेट्रोलही जातं, पॅडही जातात आणि गाडीचा सगळा भार एकट्या ब्रेकवर येतो. दुसऱ्या-तिसऱ्या गिअरमध्ये उतरा, ब्रेक अधूनमधून मारून सोडा, सतत पाय ठेवून बसू नका.

हे सगळं मॅन्युअल गाडी धरून लिहिलंय. तुमची ऑटोमॅटिक असेल तर उताराला एल (खालचा गिअर) किंवा मॅन्युअल मोड वापरा. आणि तुम्ही फक्त शहरात, सिग्नलला थांबत चालवत असाल तर कुठलेही पॅड टाकले तरी चाकं थोडी काळी होणारच.