मोबाईलचा मोठा कोर, तापणारा फोन आणि तुमचे प्रश्न

मी मोबाईलच्या चिप टेस्ट करायचं काम करते, ऑफिस ऐरोलीत, राहायला ठाण्यात. प्रश्न मागवले की दर वेळी फिरून तेच येतं, आठ कोर आहेत तरी फोन अडकतो का आणि फोन तापतोय तर काय करू. म्हणून या वेळी त्या दोन गोष्टी जरा सविस्तर लिहितेय, बाकीचं थोडक्यात. कोर म्हणजे चिपमधला प्रत्यक्ष काम करणारा एकेक भाग.

प्रश्न (कळवा): मुलाला कॉलेजसाठी फोन घेतला. आठ कोर, २.३ गीगाहर्ट्झ. दुकानदार म्हणाला महागातल्या फोनला पण आठच कोर असतात, सेमच आहे. पण व्हॉट्सॲप उघडायला पण वेळ लागतो. परत करू का?

ताई, आठ बरोबर, सेम चूक. तुम्ही बॉक्सवरचं चिपचं जे नाव लिहिलंय त्यात आठच्या आठ कोर कॉर्टेक्स-ए५३ आहेत. आर्म कंपनीने हा २०१२ मध्ये आणला, छोटा कोर, बॅटरी वाचवायला बनवलेला, आणि त्या कामाला अजूनही चांगला आहे. पण तो इंस्ट्रक्शन, म्हणजे प्रोसेसरला दिलेले बारीक आदेश, ओळीनेच करतो, एका वेळी जास्तीत जास्त दोन. स्टेशनच्या तिकीट खिडकीवर पुढचा माणूस सुट्टे शोधत बसला की मागची अख्खी रांग थांबते ना, तसं मेमरीतून डेटा यायला उशीर झाला की हा कोर थांबून राहतो. मोठा कोर, उदाहरणार्थ २०१८ चा कॉर्टेक्स-ए७६, एका वेळी चार इंस्ट्रक्शन घेतो आणि एक अडकली तर मागच्या ज्या तयार असतील त्या आधी उरकून घेतो, अशा १२८ इंस्ट्रक्शन तो डोळ्यासमोर ठेवू शकतो. २०२० च्या कॉर्टेक्स-एक्स१ या आणखी मोठ्या कोरमध्ये हाच आकडा २२४ वर गेला. एवढं सगळं सांभाळायला जागा लागते, वीज लागते, म्हणून तो महाग पडतो आणि बहुतेक चिपमध्ये एक, दोन, फार तर चार असे दिले जातात.

ॲप उघडताना बहुतेक काम एकदोन थ्रेडवरच चालतं, थ्रेड म्हणजे एका वेळी एकाच कोरवर चालणारी कामाची ओळ. तिथे आठ बारके कोर कामाला येत नाहीत, एक दांडगा कोर लागतो. म्हणून दुकानात "किती कोर" विचारू नका, "मोठे कोर कोणते आणि किती" विचारा. हेलिओ जी९९ या चिपमध्ये पण आठच कोर आहेत, पण त्यातले दोन ए७६ आहेत आणि सहा बारके. बॉक्सवर दोन्हीकडे "ऑक्टा-कोर" एवढंच मोठ्या अक्षरात छापतात, आणि गिऱ्हाईक फसतं ते इथेच, मला याचा मनापासून राग येतो. परत करायच्या आधी स्टोरेज भरलंय का ते कोणाकडून तरी बघून घ्या, भरलेल्या स्टोरेजनेही फोन रडतो. मग बिल घेऊन मुदत संपायच्या आत दुकानात जा, पुढच्या आठवड्यावर टाकू नका.

प्रश्न (वाशी): ४ नॅनोमीटरची चिप ५ वालीपेक्षा किती टक्के फास्ट?

नुसत्या त्या आकड्यावरून सांगता येत नाही. ते आता प्रोसेसचं, म्हणजे चिप बनवायच्या पद्धतीचं नाव आहे, चिपवरच्या कुठल्याही भागाचं माप नाही.

प्रश्न (डोंबिवली): ८ जीबी रॅम अधिक ८ जीबी, म्हणजे १६ झाली ना?

नाही. दुसरे ८ स्टोरेजमधून उसने घेतलेत, ते रॅमपेक्षा खूप स्लो असतं. त्यासाठी एक रुपयाही जास्त देऊ नका.

प्रश्न (घोडबंदर रोड): डिलिव्हरीचं काम करतो, फोन दिवसभर बाइकच्या हँडलला, चार्जिंगही तिथेच. दुपारी मॅप अडकतो, स्क्रीन काळवंडते, कधी १८ टक्क्यांवर बंद पडतो. एक जण म्हणाला पाच मिनिटं फ्रिजमध्ये ठेव, एकाने कूलिंग ॲप टाकून दिलं. महिनाभर मागचं कव्हर थोडं वर आलंय. प्रोसेसर गेला का?

दादा, कव्हर वर आलंय हे तुम्ही सगळ्यात शेवटी लिहिलंत, मी तिथूनच सुरू करते. बॅटरी फुगलेली असण्याचीच शक्यता जास्त आहे. चार्जिंग आत्ता बंद, फोन बंद, कव्हर दाबून बसवायचं नाही, टोचायचं नाही, आणि आजच सर्व्हिस सेंटरला दाखवा, उद्या नाही. एका दिवसाची कमाई बुडेल हे कळतंय मला, तरी आजच.

गेल्या मे महिन्यात आमच्या सोसायटीत पार्सल घेऊन येणाऱ्या मुलाचा फोन मी टेबलावर उताणा ठेवला आणि बोटाने हलकं ढकलला, तर तो जागच्या जागी गरगर फिरला. सपाट फोन असा फिरत नाही. पाठीला मधोमध फुगवटा होता, स्क्रीनच्या एका कडेला नख जाईल एवढी फट. तो म्हणत होता अजून दोन महिने ढकलतो. मी त्याला खाली पाठवला तो थेट दुकानातच. तुम्हीही हे एकदा करून बघा, फिरला तर समजून जा.

आता प्रोसेसरचं. तो गेलेला नाही, तो स्वतःला वाचवतोय. चिपची वीज कशी वाढते ते समजून घ्या, ती स्पीडच्या प्रमाणात वाढते आणि व्होल्टेजच्या वर्गाच्या, म्हणजे व्होल्टेज गुणिले व्होल्टेजच्या, प्रमाणात. स्पीड वाढवायचा तर व्होल्टेजही चढवावं लागतं, म्हणजे दोन्ही २० टक्के वाढले तर वीज १.२ गुणिले १.२ गुणिले १.२, जवळजवळ ७३ टक्के जास्त. ती सगळी उष्णता होऊन बाहेर यायला बघते, आणि फोनला पंखा नसतो, त्याच्या पाठीतून जेमतेम तीनचार वॅट सतत बाहेर टाकता येतात. मोठा कोर म्हणूनच थोडा वेळ जोरात पळायला बनवलेला असतो, ॲप उघडलं, फोटो काढला, झालं, परत शांत. बाहेर मे महिन्याचं ऊन, स्क्रीन फुल ब्राइट, जीपीएस चालू, वरून चार्जिंगची उष्णता, मग त्याला पळायला जागाच उरत नाही, तो स्पीड पाडतो आणि मॅप अडकतो, स्क्रीनही त्याच कारणाने मंद होते.

१८ टक्क्यांवर बंद पडणं हे बॅटरीचं म्हातारपण. मोठा कोर अचानक जोर लावतो तेव्हा एकदम करंट ओढतो, जुन्या बॅटरीला तो झेपत नाही, व्होल्टेज खाली कोसळतं आणि फोन बंद. याच कारणासाठी जुन्या बॅटरीच्या आयफोनचा स्पीड आपण कमी करतो हे ॲपलने २०१७ मध्ये मान्य केलं होतं, तेव्हा केवढा गदारोळ झाला होता.

फ्रिजचं परत कोणाला सांगू नका. आपल्याकडची हवा दमट, गार फोन बाहेर काढला की आतबाहेर पाणी धरतं, आणि बोर्डावर गंज चढला की मग खरंच प्रोसेसर गेला म्हणायची वेळ येते. कूलिंग ॲप काढून टाका, सॉफ्टवेअर उष्णता उचलून बाहेर नेऊ शकत नाही, ते चार ॲप बंद करतं आणि वरून जाहिराती दाखवतं. लिथियम बॅटरी ४५ अंशांच्या वर चार्ज करायची नसते आणि उन्हात हँडलवरचा काळा फोन तिथे सहज पोचतो, म्हणून चार्जिंग सावलीत, हॉटेलच्या ऑर्डरची वाट बघताना करा. जाड रबरी कव्हर दुपारी काढा, मॅप आवाजावर ऐका आणि फोन शक्यतो खिशात ठेवा. नवी बॅटरी स्टेशनबाहेरच्या "ओरिजिनल"वाल्याकडून नको, सर्व्हिस सेंटरमधूनच घ्या, बिलासकट.

प्रश्न (महापे): ॲपमध्ये फोटोला फिल्टर लावायचं काम आठ थ्रेडमध्ये सारखं वाटलं, तर चार थ्रेडपेक्षा स्लो झालं. थ्रेड मोठ्या कोरला बांधून टाकू का?

बांधू नका. तुम्ही आठ समान वाटे केलेत, मोठे कोर आपला वाटा उरकून बारक्यांची वाट बघत बसले. छोटे छोटे तुकडे करा आणि जो कोर मोकळा होईल तो पुढचा तुकडा उचलेल असं ठेवा. बांधण्याचा धोका असा की कुठल्या फोनमध्ये दोन मोठे सहा बारके, कुठे चार-चार, आणि २०२३ च्या डायमेन्सिटी ९३०० या चिपमध्ये तर बारका कोरच नाही. अँड्रॉइड ज्याच्यावर उभं आहे त्या लिनक्समध्ये २०१९ पासून विजेचा हिशोब करून काम वाटणारा शेड्युलर आलाय, त्याला त्याचं काम करू द्या. आणि टेस्ट अर्ध्या मिनिटाची नको, वीस मिनिटं चालवा, स्वस्त फोनवर पण, तापल्यावर मोठ्या कोरचा स्पीड पडतो तेव्हा काय होतं तेच गिऱ्हाईकाला दिसणार आहे. ट्रेस, म्हणजे कुठला थ्रेड कुठल्या कोरवर किती वेळ चालला याची नोंद, घेऊन टीममधल्या परफॉर्मन्स बघणाऱ्यासोबत बसा, अंदाजाने कोड बदलू नका.

प्रश्न (ठाणे): नव्या फोनवर जुनं ॲप इन्स्टॉलच होत नाही, फोन खराब आहे का?

नाही, ॲप जुन्या, ३२-बिटच्या प्रोसेसरसाठी बनवलेलं असणार, नव्या फोनवर बरेचदा फक्त ६४-बिटची ॲप चालतात. ॲप बनवणाऱ्याला विचारा.

प्रश्न (नेरूळ): इलेक्ट्रॉनिक्सच्या तिसऱ्या वर्षाला आहे. कोर डिझाइनमध्ये जायचंय. एक क्लास सहा महिन्यांत नोकरीची गॅरंटी देतोय, फी दीड लाख. करू का?

एवढ्यात पैसे भरू नका. सहा महिन्यांत कोर डिझाइनर कोणी होत नाही, आणि सुरुवातीच्या बऱ्याच नोकऱ्या व्हेरिफिकेशनच्या, म्हणजे दुसऱ्याचं डिझाइन तपासायच्या असतात, ते क्लासवाले सांगत नाहीत. रिस्क-व्ही हा बर्कलीत २०१० मध्ये सुरू झालेला इंस्ट्रक्शन सेट, म्हणजे प्रोसेसरला कळणाऱ्या आदेशांची यादी, सगळ्यांना खुला आहे, आयआयटी मद्रासचा शक्ती आणि सी-डॅकचा वेगा हे प्रोसेसर त्याच्यावरच उभे आहेत, आयआयटी मुंबईचा अजित वेगळ्या इंस्ट्रक्शन सेटवर आहे पण तोही बघा. व्हेरिलॉग या चिप डिझाइनच्या भाषेत पाच टप्प्यांची साधी पाइपलाइन, म्हणजे इंस्ट्रक्शन टप्प्याटप्प्याने उरकणारी रांग, स्वतः लिही, व्हेरिलेटर हा सिम्युलेटर फुकट मिळतो, त्यावर चालव. मग एक ब्रांच, म्हणजे कोडमधला पुढे कुठे जायचं तो फाटा, चुकीची प्रेडिक्ट झाली की आधी घेतलेल्या इंस्ट्रक्शन कशा फेकून द्यायच्या ते स्वतः सोडव, इथे महिना गेला तरी चालेल. तो कोड कॉलेजात व्हीएलएसआय (चिप डिझाइन) शिकवणाऱ्या सरांना दाखव, आणि क्लासकडे मागच्या बॅचमधल्या दोघांचे फोन नंबर माग. नंबर देत नसतील तर फी भरू नकोस.