रोमनांच्या आधी जर्मानिक लोक (उत्तर युरोपातले, जर्मन-इंग्रजीच्या पूर्वज भाषा बोलणारे) भटके होते का?
नाही, ते घरं बांधून राहणारे शेतकरी होते. शहरं मात्र नव्हती. हे उत्खननांतून कळतं: लाकूड कुजलं, पण खांबांचे खड्डे मातीत काळपट डाग होऊन उरले. डेन्मार्कच्या जटलंडमध्ये त्यावरून लांबट घरांचा आराखडा मिळतो. आत खांबांच्या दोन रांगा, पश्चिमेला चूल आणि माणसं, पूर्वेला गोठा. जटलंडमधल्याच होडे इथे इ.स.पू. पहिल्या शतकात सुमारे 27 घरांच्या वस्तीभोवती एकच सामाईक कुंपण होतं. सातू पिकवत, दलदलीतल्या खनिजातून लोखंड काढत. पुरलेले खांब काही दशकांत कुजत, मग घर (कधी अख्खं गावच) थोडं सरकवून नव्याने उभारत. याला भटकेपणा म्हणता येत नाही. मेख एवढीच की खापरांवरून भाषा कळत नाही, त्यामुळे या काळातल्या, उत्तर जर्मनी आणि जटलंडमधल्या अवशेषांवरून ओळखल्या जाणाऱ्या यास्टोर्फ संस्कृतीला ‘जर्मानिक’ म्हणणं हे अनुमान आहे.