अमेरिकेतल्या मिनेसोटा राज्याच्या कूचिचिंग काउंटीत (म्हणजे जिल्ह्यात) हिवाळा खरंच इतका कडक असतो का?

हो, आणि जानेवारीत जाणार असाल तर नीट तयारीनं जा. कॅनडाच्या सीमेला लागून असलेला हा जंगल-दलदलीचा भाग. इथल्या इंटरनॅशनल फॉल्स गावाला ‘देशाची बर्फपेटी’ म्हणतात. जानेवारीत रात्रीचं तापमान सरासरी उणे २० सेल्सिअसच्या आसपास असतं. थंडीची लाट आली की उणे ३५ सुद्धा होतं. शेजारच्या काउंटीतल्या टॉवर गावाजवळ २ फेब्रुवारी १९९६ ला उणे ५१ नोंदलं गेलं, तो राज्याचा विक्रम.

कारण सोपं आहे: समुद्र फार लांब आणि उत्तरेकडून येणारी ध्रुवीय हवा अडवायला मध्ये एकही डोंगररांग नाही. आपल्याकडे हिमालय भिंतीसारखा उभा आहे, म्हणून आपण वाचतो.

उणे ३० मध्ये श्वास घेतला की नाकातले केस कडक होतात, पापण्यांवर दव गोठतं. रात्री गाडीच्या इंजिनाचा हीटर विजेला जोडून ठेवतात, नाहीतर सकाळी गाडी सुरूच होत नाही. हातमोजे बोटांचे नकोत, पिशवीसारखे घ्या.

जुलैत मात्र दुपारी २५-२६ अंश, पाऊसही मुख्यतः उन्हाळ्यातच. फक्त डास भयंकर!