गोळी पोटात गेली, पण रक्तात पोचली का?

"मॅडम, गोळी अंगाला लागेनाशी झाली का माझ्या? रक्त काढून बघा ना, औषध किती उतरलंय ते."

एचआयव्हीची औषधं मिळतात त्या एआरटी सेंटरमध्ये ही शंका वेगवेगळ्या तोंडून येते. कुणाला गोळी दोन तास उशिरा घेतल्याची धास्ती असते, कुणाला गोळीनंतर उलटी झाल्याची. या वेळी विचारणारे होते वाशीच्या एपीएमसी मार्केटातले माथाडी कामगार, मूळचे सातारा जिल्ह्यातले, पन्नाशीच्या आतबाहेरचे. ओळख पटू नये म्हणून काही तपशील बदलले आहेत.

नवरा-बायको दोघंही उपचारावर. दादांचा व्हायरल लोड, म्हणजे रक्तातलं विषाणूचं प्रमाण, वर्षानुवर्षं 'नॉट डिटेक्टेड' येत होता. यंदाच्या वार्षिक तपासणीत तो मिलीलिटरमागे १,००० कॉपीजच्या (विषाणूच्या प्रतींच्या) वर गेला. आपल्या राष्ट्रीय कार्यक्रमात ही रेषा महत्त्वाची मानतात. ती ओलांडली की नव्याने समुपदेशन, साधारण तीन महिन्यांनी पुन्हा तपासणी, आणि तरीही उतरला नाही तर गोळ्या बदलायचा प्रश्न तज्ज्ञांपुढे जातो. दादांनी हे कुणाकडून तरी ऐकलं होतं आणि ते पार खचून आले होते.

"आईची शपथ मॅडम, गोळी चुकवत नाही मी."

डबी ओतून गोळ्या मोजल्या. हिशेबापेक्षा चार जास्त निघाल्या. "गावची यात्रा होती. घर पाहुण्यांनी भरलेलं. डबी काढायला जागाच मिळाली नाही," ते खाली बघत म्हणाले. झालं, गोळ्या चुकल्या म्हणून लोड वाढला, असं लिहून फाइल मिटवता आली असती. पण इतकी वर्षं नेमानं औषध घेणाऱ्या माणसाला चार गोळ्यांवरून खोटं पाडलं, की पुढच्या वेळी तो उरलेल्या गोळ्या फेकून रिकामी डबी घेऊन येतो. मग आपल्याला काहीच कळत नाही. शिवाय माझ्या मनाला ते पटतही नव्हतं. म्हटलं, "दादा, तुमची रात्र कशी जाते ते सांगा. गोळी कुठे घेता, कशाबरोबर घेता, सगळं."

भाजीच्या गाड्या रात्री लागतात. मध्यरात्रीपासून पाठीवर माल. तीनच्या सुमाराला जरा उसंत मिळते, तेव्हा चहा. जागरण, रिकामं पोट आणि वर चहा, त्यामुळे छातीत जळजळ ठरलेली. गोळी त्याच वेळी, टपरीच्या मागे जाऊन, कुणी बघत नाही असं बघून.

"पाण्याबरोबर?"

"नाही. ते पित्ताचं गुलाबी औषध असतं ना, त्याच्या दोन घोटांबरोबर. म्हणजे गोळीनं अजून जळजळायला नको."

पावसाळ्यापासून रोज हेच चाललं होतं.

आता हे जरा सविस्तर सांगते, कारण आपल्याकडे बहुतेकांची गोळी हीच आहे. टीएलडी म्हणजे एका गोळीत तीन औषधं: टेनोफोविर, लॅमिव्हुडिन आणि डोल्युटेग्राविर. यातलं डोल्युटेग्राविर भक्कम औषध आहे. रक्तातलं त्याचं प्रमाण निम्म्यावर यायला सुमारे १४ तास लागतात. म्हणून दुसऱ्या दिवशीच्या गोळीची वेळ होते तेव्हाही विषाणूला दाबायला लागतं त्याच्या कित्येक पट औषध रक्तात शिल्लक असतं. सोसायटीच्या टाकीत पाणी दिवसातून एकदाच येतं, तरी नळ दिवसभर चालतो, तसंच हे. गोळीला तास-दोन तास उशीर झाला म्हणून लोड वाढत नाही, त्याचा जीवाला घोर लावून घेऊ नका.

पण पित्ताच्या त्या पातळ औषधात मॅग्नेशियम आणि ॲल्युमिनियम असतं. ते पोटातच डोल्युटेग्राविरला चिकटतं, आणि चिकटलेलं औषध आतड्यातून रक्तात शिरत नाही, शौचावाटे निघून जातं. दोन्ही एकदम घेतली तर रक्तात पोचणारं डोल्युटेग्राविर जवळजवळ पाव हिश्शावर येतं. टाकी रोज जेमतेम तळाला, आणि त्यात यात्रेचे चार दिवस पाणीच आलं नाही. दादांच्या बाबतीत दोन्ही गोष्टींनी मिळून घात केला असं माझं मत आहे. नुसती यात्रा असती तर कदाचित निभावलंही असतं.

रक्तातलं औषध मोजायची तपासणी आहे, पण आपल्या एआरटी सेंटरांत ती नेहमीच्या तपासण्यांत नाही. औषध पोचतंय की नाही हे आपण व्हायरल लोडवरून ओळखतो. तेवढं बहुतेकांना पुरतं, पण लोड वाढल्यावर नुसतं 'चुकवली का?' एवढंच विचारून थांबता कामा नये.

डॉक्टरांशी बोलून गोळीची वेळ बदलली. आता संध्याकाळी घरी, कामावर निघण्याआधी, जेवताना दोघं बरोबर घेतात. टपरीमागे लपायचं कारणच उरलं नाही. पातळ औषध लागलंच तर गोळीनंतर किमान २ तास थांबून. गोळीच्या आधीच ते घेतलं गेलं असेल, तर मध्ये ६ तास जाऊ द्यायचे. पित्तासाठी डॉक्टरांनी ओमेप्राझोल दिलं, त्याचा डोल्युटेग्राविरला त्रास नाही. गावी जाताना गोळ्या विटॅमिनच्या डबीत न्यायचं वहिनींनीच सुचवलं.

तीन महिन्यांनी लोड पुन्हा 'नॉट डिटेक्टेड'. गोळ्या बदलाव्या लागल्या नाहीत. दादांनी रिपोर्ट दोनदा वाचायला लावला.

त्या दिवशी वहिनींनी पर्समधून एक पाकीट काढलं. "गुडघ्यासाठी कॅल्शियम दिलंय बाहेरच्या डॉक्टरांनी. त्यांना आपल्या गोळीचं सांगितलेलं नाही मी." असं न सांगणारे खूप असतात, आणि भीती का वाटते तेही मला ठाऊक आहे. २०१७ च्या एचआयव्ही कायद्यानं तुमची माहिती गुप्त ठेवणं बंधनकारक केलंय. तरीही बाहेर सांगायचं नसेल तर ती चिठ्ठी आमच्याकडे आणून दाखवा. कॅल्शियम किंवा लोहाची गोळी भरल्या पोटी, जेवणाबरोबर टीएलडीसोबत घेतली तर चालते. उपाशीपोटी मात्र तेच २ तास आणि ६ तासांचं अंतर. टीबीच्या औषधांतलं रिफाम्पिसिन डोल्युटेग्राविर लवकर संपवतं, म्हणून तेव्हा डोल्युटेग्राविरची जादा गोळी १२ तासांनी देतात. मधुमेहाच्या मेटफॉर्मिनचं उलटं होतं, त्याचंच प्रमाण रक्तात वाढतं, म्हणून त्याचा डोस डॉक्टरांना तपासावा लागतो. फिटच्या काही गोळ्यांचं मात्र रिफाम्पिसिनसारखंच, त्या डोल्युटेग्राविर कमी करतात.

वहिनींचं कॅल्शियम आता रात्रीच्या जेवणाबरोबर चालू आहे. सेंटरपर्यंत यायला जमत नसेल तर १०९७ या मोफत हेल्पलाइनवर नाव न सांगताही विचारता येतं.