फॅलेनॉप्सिस ऑर्किडला ८ इंची कुंडी मोठी होते का? हो, आणि मिश्रणाबद्दलही थोडं

ताई, तुमची अडचण वाचली. डोंबिवलीची पूर्वेकडची गॅलरी, बहर संपलेलं फॅलेनॉप्सिस, ते तुम्ही ८ इंची चिनी मातीच्या कुंडीत कोकोपीट, माती आणि थोडं शेणखत घालून लावलंत. आता पानं लुळी पडून सुरकुतली आहेत, तर पाणी वाढवू का, असं विचारलंय. पाणी अजिबात वाढवू नका. आज संध्याकाळीच झाड कुंडीतून बाहेर काढा.

पानं लुळी पडली की झाड तहानलंय असं वाटतं, आणि ते तहानलेलं असतंही. पण कुंडीत पाणी असूनही ते वर पोचत नाही, कारण मुळं कुजलेली असतात. फॅलेनॉप्सिस हे मुळात फांद्यांवर वाढणारं झाड. त्याच्या मुळांवर स्पंजासारखं जाड पांढरट आवरण असतं. सर आली की ते पाणी पिऊन हिरवं दिसतं, वारा लागला की पुन्हा चंदेरी होतं. भिजणं आणि सुकणं, दोन्ही त्याला हवं. कोकणात आंब्या-फणसाच्या खोडावर सीतेची वेणी ही रानातली ऑर्किड फुलते, तिची मुळं कधी पाहिली असतील तर आठवा: सालीला घट्ट चिकटलेली, उघड्यावर, मातीचा कण नाही.

माझं पहिलं फॅलेनॉप्सिस मी असंच घालवलं. मोठी कुंडी दिली तर मोकळेपणी वाढेल, असं मनापासून वाटलं होतं. वरून सगळं कोरडं दिसायचं म्हणून पाणी घालत राहिले. शेवटी उपटलं तेव्हा आत चिखल होता. मूळ चिमटीत धरून ओढलं, तर आवरण मोज्यासारखं निघून आलं आणि हातात नुसता दोरा राहिला. ते मला आजही डोळ्यांसमोर दिसतं, म्हणून इतकं लांबण लावून लिहितेय.

तर कुंडीचं माप. पानं विसरा, मुळं मोजा. कुजलेली कापून टाकल्यावर जी टणक मुळं उरतील, त्यांचा जुडगा हलक्या हाताने धरा. तो ज्यात बसेल आणि भोवती बोटभर जागा राहील, ती कुंडी. तुमच्याकडे चार-पाच मुळं उरली तर ३ इंची पुरेल, भरपूर उरली तर ४ इंची. त्यापुढे जाऊ नका. पारदर्शक प्लॅस्टिकची असेल तर उत्तम, मुळांचा रंग बाहेरून दिसतो: चंदेरी झाली की पाणी, हिरवी असली की थांबा. तशी मिळाली नाही तर जाड प्लॅस्टिकच्या डब्याला तापवलेल्या खिळ्याने तळाला आणि बाजूंना भोकं पाडा. चिनी मातीची कुंडी टाकायची गरज नाही. तळाला भोक असेल तर छोटी कुंडी तिच्यात ठेवा, फक्त खाली पाणी साचू देऊ नका.

कापण्याआधी कात्री गॅसवर तापवून घ्या. रोपवाटिकेतून येणाऱ्या झाडांत मुळांच्या मधोमध शेवाळाचा (स्फॅग्नम मॉसचा) घट्ट बोळा असतो, तो बोटांनी उकलून काढाच. बाहेरचं मिश्रण सुकलं तरी तो आत ओलाच राहतो. मग झाड एक दिवस सावलीत उघडं ठेवा आणि दुसऱ्या दिवशी लावा.

मिश्रणासाठी मी दोन भाग लोणारी कोळसा आणि एक भाग नारळाच्या सोडणाचे तुकडे घेते. कोळसा इस्त्रीवाल्याकडे मिळतो. सुपारीएवढे तुकडे करा, भुकटी चाळून टाका आणि धुऊन घ्या. सोडणात क्षार असतात, म्हणून ते दोन-तीन दिवस भिजत घालून रोज पाणी बदला. पाण्याचा तांबूसपणा बराच कमी झाला की वापरा. एक मात्र लक्षात ठेवा, सोडण आपल्या पावसाळ्यात लवकर कुजतं, त्यामुळे दोन वर्षांनी मिश्रण बदलायचंच. कुंडी तीच ठेवली तरी चालते.

हेच माप सगळीकडे चालेल असं मात्र नाही. पुण्यात किंवा नागपुरात एप्रिलमध्ये नुसता कोळसा सकाळी भिजवला तर दुपारपर्यंत ठणठणीत होतो. तिथे सोडण वाढवा, थोडं शेवाळही चालेल. डोंबिवलीच्या जुलैत तेच शेवाळ मुळांना खाईल. मी एकच कसोटी लावते: पाणी दिल्यावर बांबूची बारीक काडी कुंडीच्या मध्यापर्यंत खोचून ठेवायची आणि रोज काढून गालाला लावून बघायची. चार-पाच दिवसांत ती कोरडी लागली तर मिश्रण ठीक आहे. आठवडा उलटूनही गार लागली तर कुंडी मोठी आहे किंवा मिश्रण बारीक आहे.

तुमच्याकडच्या दुसऱ्या ऑर्किडला, डेंड्रोबियमला, तूर्त हात लावू नका. ते कोंडलेल्या मुळांत खुशाल फुलतं. उंच दांड्यांमुळे कलंडत असेल तर ती कुंडी तशीच जड मातीच्या कुंडीत बसवा. बदलायची वेळ नवा कोंब कुंडीच्या काठाबाहेर झुकला की. तेव्हा जुना दांडा काठाला टेकवा आणि कोंबापुढे मोकळी जागा ठेवा. फॅलेनॉप्सिस मात्र मधोमधच लावायचं.

लावल्यावर सावलीत ठेवा, पाणी जपून. सुरकुतलेली जुनी पानं पूर्ववत होतीलच असं नाही, त्यांच्याकडे बघून घाबरू नका. बुंध्याशी हिरव्या टोकाचं नवं मूळ फुटतंय का ते बघत राहा. त्याला वेळ लागतो. ते दिसलं, की १९-१९-१९ हे खत पाकिटावरच्या मापाच्या पाव भाग, आठवड्यातून एकदा. कोळशातून झाडाला खायला काही मिळत नाही, पण नवं मूळ येईपर्यंत खताचा दाणाही नको.